डोक्याकडचा माणूस

“पाय फिरवा आधी. मंग पुढं जा.”

नागपूरच्या महाल भागातल्या त्या बोळात एक उघडाबंब माणूस आमच्या स्ट्रेचरसमोर आडवा उभा होता. हातात दाराचा अडसर. मागे त्याचे भाऊबंद आणि माड्यांवरून वाकून बघणाऱ्या शेजारणी. स्ट्रेचरवर त्याचा बाप होता. जिन्यावरून पडला होता, कानातून रक्त येत होतं, पण जिवंत होता.

“आमचा बाप जिता हाय अजून,” तो माणूस म्हणाला. “पाय पुढं करून घरातून कोनाले काढतात, थे ठाऊक नाई काय तुमाले?”

ठाऊक कसं नसेल? पण आम्हाला शिकवलं होतं ते असं: रोगी नेताना पाय पुढे, डोकं मागे. म्हणजे मागच्या माणसाच्या अगदी हनुवटीखाली रोग्याचं तोंड राहतं, त्याला श्वास ऐकू येतो, रंग बदललेला दिसतो. बोळ इतका अरुंद की नर्सला बाजूने चालायला जागाच नाही. डोकं पुढे केलं तर पुढचा माणूस रोग्याकडे पाठ करून चालणार, आणि म्हाताऱ्याला वांती होऊन ती घशात अडकली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. हे सगळं मी त्या अडसराला समजावून सांगायला लागले. मी वाईची, नुकतीच सरकारी दवाखान्याच्या गाडीवर नेमलेली नर्स. नागपूरला आले ती उन्हाळ्याची धास्ती घेऊन. माणसांची घ्यायला हवी होती हे त्या बोळात कळलं. अडसर खांद्याच्या वर गेला.

आमच्याबरोबर स्ट्रेचर उचलणारे दोघे होते. बाबनराव पायाकडे, जागेश्वर डोक्याकडे. बाबनराव आडदांड आणि बोलका. जागेश्वर सडपातळ, गालफडं बसलेला, कोष्ट्याच्या घरातला; सूत मिळेना तेव्हा माग सोडून दवाखान्यात लागलेला. तोवर मी त्याच्या तोंडून ‘हाव’ आणि ‘नाई’ यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

“ठेव गा खाली,” तो बाबनरावला म्हणाला.

दोघांनी स्ट्रेचर टेकवलं, जागच्या जागी फिरवलं आणि पुन्हा उचललं. आता म्हाताऱ्याचं डोकं पुढे झालं, अडसर खाली आला. पण जागेश्वरने पाठ फिरवली नाही. तो डोक्याशीच राहिला, तोंड म्हाताऱ्याकडे ठेवून, आणि उलटा चालायला लागला. गटार, पायऱ्या, ओट्यांचे कोपरे, एक बांधलेली म्हैस, सगळं त्याच्या पाठीमागे. समोरून बाबनराव सांगत होता, “डावं घे. पायरी हाय. म्हैस हाय.” जागेश्वरची पावलं मागे पडत होती आणि नजर म्हाताऱ्याच्या ओठांवरून हलत नव्हती.

“नाव काय बाबाजी तुमचं?” तो विचारत होता. “सकाळी काय जेवले?”

मी मागून चालत होते. मला म्हातारा दिसत नव्हता. दिसत होता तो बाबनरावच्या खांद्यावरून जागेश्वरचा चेहरा. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, घाई नव्हती. एखादं अवघड पान वाचावं तसा तो म्हाताऱ्याचं तोंड वाचत होता. म्हातारा बचावला. पण मी खरी थक्क झाले ती म्हाताऱ्यापायी नव्हे. आपल्या मागे काय आहे हे न बघता एक माणूस दुसऱ्याचा जीव हातात धरून मागे मागे जाऊ शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

परतताना गाडीत मी विचारलं, “हे कुठं शिकलात?”

उत्तर बाबनरावने दिलं. “कोष्ट्याले काय शिकाचं राह्यते यात? पांजण करतात ना थे.”

पांजण मी पुढे पाहिली. मागावर चढवण्याआधी लांबच्या लांब ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीत बांबूच्या कैच्यांवर ताणतात, त्याला खळ लावतात, आणि ती वाळायच्या आत मोठ्या कुंच्याने सूत विंचरत जातात. कुंचा ओढायचा, पावलं मागे टाकायची, नजर सुतावर. मागे वळून बघितलं तर तेवढ्यात दोन धागे चिकटतात. जागेश्वरचं बालपण आणि तारुण्य असं गल्लीत उलटं चालण्यात गेलं होतं.

त्या दिवसापासून आमची तीच रीत झाली. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं, सदरला मोठमोठे बंगले होते, पण आम्हाला बोलावणी यायची ती बोळांतूनच. डोकं पुढे, जागेश्वर डोक्याशी, उलटा. लोक समाधानी, डॉक्टर समाधानी. आमची एक खूणही ठरली. जागेश्वर रोग्याशी बोलत राहिला तर चालत राहायचं. तो “दम घेऊ” म्हणाला, तर स्ट्रेचर तिथेच टेकवून मी धावत डोक्याशी जायचं. भोवतालच्यांना वाटे, बिचारे दमले असतील. ‘श्वास अडला’ असं चार माणसांत ओरडलं की त्या चारांची चाळीस होतात, हे आम्ही अनुभवाने शिकलो होतो.

गाडीवरच्या माणसाची रक्ताची भीती लवकर जाते. जात नाही ती बघ्यांची. कुणी म्हणतं पळा, कुणी म्हणतं हळू. आई पदर धरते, भाऊ गचांडी धरतो. आणि इतक्या गलक्यात एक जीव तुमच्याकडे बघत असतो की आता तुम्ही आलात ना. त्या बघण्याचं ओझं फार. आमचा ड्रायव्हर भैयाजी त्यावर उपाय म्हणून गाडीतून उतरतच नसे. स्टिअरिंगला धरून समोर बघत बसे. बाबनराव दवाखान्यात परतला की शिव्या घालून मोकळा होई. मी नळाखाली तोंड धरी. जागेश्वर मात्र शांत. मला वाटायचं, हा दगडाचा आहे.

तो दगडाचा नाही हे मला त्याच्या बायकोने सांगितलं.

वच्छला दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. ठेंगणी, सावळी, हसली की एका गालाला खळी. एकदा तो गाडीवर बाहेर गेला होता आणि मी ड्रेसिंगच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होते. ती दारात घुटमळली.

“सिस्टरबाई, एक विचारू? यायचे डोळे अधू झाले काय वं?”

“जागेश्वरचे? छे. का?”

“माह्या तोंडाकडं पाह्यतच नाईत.” तिने बोलून टाकलं आणि पदराचं टोक चाळवू लागली. “वाढलं तं ताटाकडं पाह्यतात. बोलले तं भिताडाकडं पाहून बोलतात. नवी चोळी घातली म्या, तं सासूनं पाह्यली, जावेनं पाह्यली. यायनं नाई. मारत नाईत, पेत नाईत, कोन्या बाईची भानगड नाई. मंग काहून?”

मी हसून वेळ मारून नेली. पण ते मनातून जाईना. दोनेक दिवसांनी गाडीला काम नव्हतं. जागेश्वर पोर्चमध्ये स्ट्रेचरचं कापड शिवत बसला होता. मी सरळ विचारलं.

त्याने सुई थांबवली नाही. हातातली शिवण टोकापर्यंत नेली. मग कापडाकडे बघतच म्हणाला,

“बाई, मले आता तोंड पाह्यताच येत नाई. कोनाचंई पाह्यलं का माह्ये डोळे आपोआप तेच पाह्यतात. ओठ निळे हायत काय. नाकपुड्या फुगल्या काय. डोळ्याची भावली कशी हाय. बाजारात भाजीवाल्याचं पाह्यलं तरी तेच. एक दिवस सकाळी वच्छला पोळ्या करून राह्यली होती, चुलीच्या उजेडात. म्या पाह्यलं आन मले वाटलं, हे जाते आता. छातीत असं धसकलं. तिले काई झालं नव्हतं, घाम आला होता फक्त. तवापासून पाह्यत नाई. घरचे तरी तसेच राहू द्या.”

“तसेच म्हणजे?”

“जिते,” तो म्हणाला.

मी मेट्रनबाईंना सांगून त्याला कपड्यांच्या कोठीत पाठवलं. डोक्याकडे बाबनराव आला, पायाकडे एक नवा. बाबनरावने पहिल्याच फेरीत उलटं चालताना एका दुकानदाराच्या गुळाच्या ढेपेवर बैठक मारली. रोगी खदखदून हसला, म्हणून बरं. त्याचं दुखणं तसं किरकोळच होतं. पण पुढच्या वेळी कुणी हसण्यासारखं नसेल हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. जागेश्वर कुणी न सांगता कोठीतून परत आला आणि डोक्याकडचे दांडे हातात घेऊन उभा राहिला. मी त्याला परत पाठवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

वच्छलाला मी जमेल तसं कारण सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग खळी पडली.

“म्हंजे माह्यं तोंड चांगलं हाय म्हून पाह्यत नाईत. मंग तं मले बिमार पडा लागन.”

“काहीतरी बोलू नकोस,” मी म्हटलं.

“मजाक केली वं बाई,” ती म्हणाली, आणि रिकामा डबा घेऊन गेली.

मे महिना होता. दवाखान्यात उष्माघाताचे रोगी यायला लागले होते आणि गाडीत लाकडाच्या भुशात बर्फाची लादी ठेवायचा हुकूम निघाला होता. दुपार व्हायच्या सुमाराला गोळीबार चौकाकडून एक सायकलवाला धापा टाकत आला. कोष्टीपुऱ्यात एक बाई उन्हात पडली आहे, बोलते ते भलतंच बोलते. कोण, कुणाची, त्याला माहीत नव्हतं.

भैयाजीने गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली तेव्हा जागेश्वर म्हणाला, “आमचीच गल्ली हाय.” आवाज नेहमीचा होता. या गल्लीत शंभर बायका असतील, असं मी मनाशी म्हटलं.

गल्लीत ताणा पसरलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं सूत, अर्ध्यावर खळ लावलेली, अर्धं कोरडं. उन्हं चढायच्या आत हे उरकायचं असतं. त्या दिवशी सूत तुटत राहिलं आणि उरकलं नाही. कुंचे जमिनीवर पडले होते. माणसं दुसऱ्या टोकाला निंबाखाली जमली होती, आणि त्यांच्यातून जागेश्वरचा थोरला भाऊ नानाजी हात हलवत आमच्याकडे येत होता.

“जागेश्वर, आपली वच्छला,” तो म्हणाला. “सकाळपासून सूत सांधून राह्यली होती. सावलीत ये म्हनलं, तं येवढं होऊ द्या म्हने.”

ती निंबाखालच्या ओट्यावर पडली होती. मी हात लावला तर तव्याला लागल्यासारखा मागे आला. घामाचा टिपूस नाही. जीभ कोरडी, डोळे अर्धवट उघडे, नाडी पळत होती आणि मधेच हरवत होती. मी पदर, चोळी, सगळं भिजवलं, ओली चादर गुंडाळली. पण तिला वाचवायचं तर दवाखान्यात बर्फाच्या पाण्यात ठेवायला हवं होतं, आणि मधे ती गल्ली होती.

बाबनराव जागेश्वरच्या जवळ गेला. तोवर मी त्याला इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

“तू पायाशी हो गा. डोकं मी घेतो.”

“तुले जमते काय?”

“जमवतो.”

“नाई,” जागेश्वर म्हणाला, आणि डोक्याकडे जाऊन वाकला.

नानाजी कोयता घेऊन ताण्याशी गेला होता. वाट मोकळी करायला सूत कापणार होता. त्या सुतावर घरातल्या सगळ्यांची मेहनत होती, पण त्याने एकदाही मागेपुढे पाहिलं नाही. जागेश्वरनेच हटकलं. “राहू दे दादा. कापशीन तं धागे पायात येतील. मी कडेनं जातो.”

ताणा आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची वाट होती. त्यांनी उचललं. डोकं पुढे. जागेश्वर वच्छलाच्या डोक्याशी, तोंड तिच्याकडे. आणि तो चालू लागला.

बाबनरावने या वेळी डावं-उजवं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. हीच गल्ली होती आणि शेजारी तेच सूत होतं. तो लहानपणापासून इथेच मागे मागे चालत आला होता. त्याची टाच एकदाही अडखळली नाही, खांदा भिंतीला घासला नाही, कोपर सुताला लागलं नाही. आणि ज्या तोंडाकडे बघायचं त्याने कधीचं सोडलं होतं, त्या तोंडावर त्याने डोळे रोवले होते.

“नाव काय बाई तुमचं?” तो म्हणाला.

त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. डोक्याशी उभं राहून तो जे सगळ्यांना विचारी, तेच तो तिला विचारत होता, त्याच आवाजात.

काही वेळ नुसती पावलं वाजली. मग चादरीतून आलं, “वच्छला.”

“काय जेवल्या सकाळी?”

“आंबील.”

“घरी कोन कोन हाय?”

ती काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. जागेश्वरला आलं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, हात दांड्यांना गुंतलेले. तो डोळे मिटत नव्हता. लाल झालेले, पाणी वाहणारे ते डोळे तसेच उघडे होते. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या होत्या.

“मालक काय करतात तुमचे?” त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही.

“बाई, मालक काय करतात?”

तो थांबला. “दम घेऊ,” तो म्हणाला, आणि आवाज तेव्हा फाटला.

स्ट्रेचर टेकलं. मी भिंतीला घासत पुढे धावले. बुबुळं वर गेली होती, दातखीळ बसली होती, श्वास अडकला होता. मी जबडा पुढे ओढून धरला, बाबनरावने चादरीवर घागर ओतली. भैयाजी, जो कधी गाडीतून उतरत नसे, तो बर्फाची लादी उराशी धरून गल्लीतून धावत येत होता. आम्ही बर्फ फोडून तिच्या मानेशी, काखेत ठेवला. जागेश्वर गुडघ्यांवर बसला होता, दांडे सोडले नव्हते, तिच्या तोंडावर ओणवा होऊन बघत होता. श्वास परत आला की नाही हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मी नाडी धरली होती, पण मला बोटांपेक्षा त्याच्या चेहऱ्याचा जास्त भरवसा वाटत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले.

“आला,” तो म्हणाला.

मग मलाही ऐकू आला. खरखरीत, तुटका, पण श्वास.

“चाल गा,” तो बाबनरावला म्हणाला. त्यांनी उचललं, आणि उरलेली गल्ली तो तसाच उलटा चालत गेला.

वच्छला वाचली. चार दिवस शुद्धीत नव्हती, नंतर बरेच दिवस उठली की भोवळ यायची. शुद्धीवर आल्यानंतर एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते. जागेश्वर कामावर हजर होता, बाहेर गाडी धूत होता. वॉर्डात तो यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, चादरीकडे बघून “बरं हाय ना?” विचारायचा आणि जायचा. पुन्हा पहिल्यासारखंच.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “तुला काही आठवतं का गं? गल्लीतलं?”

“सगळं नाई आठवत,” ती म्हणाली. ओठ अजून फुटलेले होते. “वर आभाळ होतं आन यायचं तोंड होतं. उलटं दिसून राह्यलं होतं, हनुवटी वर. आधी तं ओळखूच आलं नाई मले. म्हनलं, हा कोन मानूस, येवढा पाह्यते माह्याकडं.” ती थांबली. हसायला गेली, ते दुखलं. “गल्ली लहान पडली वं सिस्टरबाई.”

मी टॉवेल पिळत बसले.

त्यानंतर जागेश्वर खूप वर्षं डोक्याकडेच राहिला. किती माणसं त्याच्या नजरेखालून गेली, त्यातली किती राहिली, हे त्याने कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उष्माघाताचा रोगी आला की बर्फ फोडायला तो सगळ्यांत आधी पुढे येई. मी पुष्कळ मोठे डॉक्टर पाहिले, नावाजलेले हात पाहिले, आणि त्यांचा मान मनात ठेवला. पण आज डोळे मिटले की मला दिसतो तो पाठीमागचं काही न बघता मागे मागे जाणारा हा माणूस, आणि माझे हात आपोआप जोडले जातात.

वच्छलाला घरी सोडलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. संध्याकाळ व्हायला आली होती, ऊन उतरलं होतं. मी वरच्या व्हरांड्यातून बघत होते. तेव्हाच्या रीतीप्रमाणे जागेश्वर पुढे चालत होता, काखेत तिचं गाठोडं, आणि ती चार पावलं मागे. तो हळू चालत होता, तिला दम लागू नये म्हणून. फाटकापर्यंत तो वळेल असं मला वाटत होतं. दगडी पायऱ्या आल्या तिथे तो थांबला, ती उतरेपर्यंत जमिनीकडे बघत उभा राहिला, पुन्हा चालू लागला. वळला नाही.

तिने मात्र एक केलं होतं. फाटकाशी पुरुषांची गर्दी होती आणि बायका तिथून जाताना पदर पुढे ओढून घेत. वच्छलाने पदर कपाळावरून मागे सारला होता, कानांमागे नीट खोचला होता, आणि सगळं तोंड उघडं ठेवून ती त्याच्या पाठीकडे बघत चालली होती. तो कधी वळलाच, तर त्याला दिसावं म्हणून.